डेअरीतली फॅट आणि पाकिटावरची फॅट

(शेतकी विभागाकडून)



या पानावर आम्ही एरवी लागण, खोडवा, पाचट, हुमणी असल्या गोष्टींवर लिहितो. या खेपेस विषय उसाबाहेरचा घेतला आहे, त्याचे तुम्हाला नवल वाटेल. गेल्या दीड-दोन वर्षांत गटात फिरताना काही घरांत जे पाहिले, त्यावरून हे लिहावेसे वाटले. डॉक्टरी हे आमचे काम नव्हे. आमचे शिक्षण शेतकी पदविकेचे. औषधपाण्याचे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. आम्ही बोलणार ते खाण्याच्या मालाबद्दल, म्हणजे शेतातून निघतो त्या आणि कारखान्यातून निघतो त्या. माल शेतातून कारखान्यात गेला म्हणजे त्याचे काय काय होते, हे आपल्याला थोडेफार कळतेच.

'फॅट' हा शब्द इंग्रजी खरा, पण आपल्या भागात तो शाळेत न गेलेल्या म्हातारीलाही पाठ आहे. सकाळी किटली घेऊन डेअरीत गेले की पहिला प्रश्न, "फॅट किती लागली?" म्हशीच्या दुधाला ६ आणि गाईच्या दुधाला साडेतीन, हा दराच्या हिशेबाचा पाया. पूर्वी गर्बरच्या नळीत ॲसिड घालून यंत्र गरागरा फिरवायचे, आता मिल्क ॲनालायझर मिनिटभरात आकडा दाखवतो. दोन पॉइंट कमी लागले की घरी येऊन भांडण. सरकी पेंड कमी घातली का, वैरण बदलली का, सकाळी धार कुणी काढली, सगळी चौकशी होते.

हाच माणूस पन्नाशी ओलांडून छातीत दुखते म्हणून शहरात दाखवायला जातो आणि तिथे त्याला सांगतात, "फॅट बंद करा." जन्मभर ज्या आकड्यावर पैसे मिळाले, तो आकडा एका दिवसात वैरी होतो. मग घरातले लोक घाबरतात, आणि घाबरलेला माणूस दुकानात गेला की जे पाकीट धीर देते ते उचलतो.

आमच्या एका गटातले जुने सभासद आहेत. त्यांना सगळे अण्णाच म्हणतात, आम्हीही अण्णाच म्हणू. वय ५८. दीड वर्षापूर्वी त्यांच्या हृदयाच्या नळीत स्टेंट बसवला. पूर्वहंगामी लागणीची नोंद घ्यायला आम्ही त्यांच्या वस्तीवर गेलो, तर अण्णा सोप्यात खुर्चीवर बसलेले. चेहरा उतरलेला, पोट मात्र पूर्वीपेक्षा पुढे. काकींनी चहा आणला, बरोबर बशीत बिस्किटे.

"घ्या साहेब. अण्णांचीच हायत, बिनफॅटची. ह्येनी काय होत न्हाई."

"अण्णा, भाकरी सोडली काय?"

"भाकरी कशाची आता! पोरगं तालुक्याच्या मॉलातनं आणतंय, तेच खायाचं. चटणी बंद, दूध बंद, ताक बंद. जिभेची चवच गेली बघा."

"आणि तब्येत?"

अण्णा गप्प बसले. काकींनीच आतून रिपोर्टाची पिशवी आणली. स्टेंट बसवला तेव्हा तीन महिन्यांची सरासरी साखर ५.९ होती, म्हणजे काठावर. आठ महिन्यांनी तीच ७.१. वजन चार किलोने वाढलेले. डॉक्टरांनी विचारले, गोड खाता का? अण्णांनी देवाशपथ सांगितले, चहातली साखरसुद्धा सोडली. आणि ते खोटे बोलत नव्हते.

आम्ही फडताळातली पाकिटे मागवून घेतली. बिस्किटांच्या पुड्यावर मोठ्या हिरव्या अक्षरांत 'लो फॅट'. मागच्या बाजूला, चष्मा कपाळावर सारून वाचावे लागेल इतक्या बारीक अक्षरांत, पहिला शब्द मैदा, दुसरा साखर, आणि १०० ग्रॅमला साखर २८ ग्रॅम. फळाच्या चवीचे 'फॅट-फ्री' दही होते, त्यात १०० ग्रॅमला साखर १३ ग्रॅम. साध्या विरजणाच्या दह्यात दुधाची स्वतःची साखर चार-पाच ग्रॅम असते, वरचे सगळे बाहेरून घातलेले. सकाळच्या नाश्त्याला मक्याचे पोहे, त्यांतही साखर. आणि दुपारी ऊन लागते म्हणून आंब्याचे पेय, त्याच्या बाटलीवर 'झिरो फॅट'. आंब्याला फॅट नसतेच म्हणा! पाण्याच्या बाटलीवर 'बिनतेलाचे पाणी' लिहावे तसला प्रकार.

आमच्या पिशवीत ब्रिक्स मीटर होताच. उसाची पक्वता बघायला आम्ही तो घेऊनच हिंडतो. त्या पेयाचे दोन थेंब काचेवर टाकले आणि अण्णांना म्हणालो, बघा उजेडाकडे धरून. अण्णांनी आयुष्यभर ब्रिक्स बघितलेला. डोळा लावला आणि म्हणाले, "चौदा."

"आणि तुमच्या तोडणीला आलेल्या ८६०३२ चा किती लागतो?"

"एकवीस लागतो की."

"म्हणजे तीन पेल्यांमागं दोन पेले उसाचा रस प्यालात."

अण्णा बराच वेळ बाटलीकडे बघत होते. काकी पदर तोंडाला लावून आत गेल्या. आपल्या हाताने आपणच दिले, हे त्यांच्या मनाला फार लागले. पण यात त्या माउलीचा काय दोष? पाकिटावर लिहिलेले खोटेही नव्हते.

खोटे नव्हते, हीच गोम आहे. आपल्या देशात अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचे २०१८ चे नियम आहेत. १०० ग्रॅम मालात फॅट अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त नसेल तर त्यावर 'फॅट-फ्री' लिहिता येते. घट्ट पदार्थात १०० ग्रॅमला ३ ग्रॅमपर्यंत आणि पातळ पदार्थात १०० मिलिलिटरला दीड ग्रॅमपर्यंत असेल तर 'लो फॅट'. साखर किती, मैदा किती, याचा त्या शब्दाशी संबंध नाही. तेव्हा उद्या आपल्या गोदामातल्या एम-३० च्या ५० किलोच्या पोत्यावर 'फॅट-फ्री' असा शिक्का मारला, तर तो तंतोतंत खरा ठरेल. साखरेत फॅट औषधालाही नसते. बाजारात गोड तेलावर 'कोलेस्टेरॉल नाही' लिहितात ते याच जातीचे. कोलेस्टेरॉल जनावरापासून मिळणाऱ्या पदार्थांत असते, शेंगेच्या किंवा करडईच्या तेलात ते कधी नव्हतेच.

आता तेल-तूप काढून घेतल्यावर साखर का घालावी लागते? फॅट ही पदार्थाची नुसती चरबी नसते, ती त्याची चव आणि मऊपणा असते. बिस्किटातले तूप काढले की ते भुसा खाल्ल्यासारखे लागते. दह्यातली साय काढली की ते पाणचट होते. माल तर खपला पाहिजे. मग त्या रिकाम्या जागी साखर येते, मक्याचे किंवा टॅपिओकाचे पीठ येते, घट्टपणासाठी डिंक येतो. पाकिटावर ती साखर आपल्या ओळखीच्या नावाने येतेच असे नाही. लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन, इन्व्हर्ट सिरप अशी नावे असतात. यातले माल्टोडेक्स्ट्रिन चवीला फारसे गोड नसते, पण पोटात गेले की रक्तातली साखर भराभर वाढवते. इन्व्हर्ट सिरप म्हणजे काय ते आपल्या सभासदांना निराळे सांगायला नको. ऊस तोडून दोन-तीन दिवस फडात पडला की वजन घटते आणि उतारा बसतो, कारण आतली साखर फुटून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. तीच क्रिया कारखान्यात मुद्दाम केली की झाले इन्व्हर्ट सिरप. फडात झाले तर आपले नुकसान, पाकिटात झाले तर कंपनीची सोय.

इथे आम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. साखर कारखान्याच्या पत्रिकेत ती लिहावी की नाही, याचा आम्ही दोन दिवस विचार केला. शेवटी ठरवले, लिहायची.

अमेरिकेत १९६० च्या दशकात हृदयविकाराचे कारण काय, यावर मोठा वाद चालू होता. काही शास्त्रज्ञ म्हणत, चरबी. काही म्हणत, साखरही. तेव्हा तिथल्या साखर धंद्याची शुगर रिसर्च फाउंडेशन नावाची संस्था होती. तिने हार्वर्ड विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांना त्या वेळचे साडेसहा हजार डॉलर देऊन झालेल्या संशोधनाचा आढावा लिहून घेतला. तो १९६७ साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात साखरेवरचा आक्षेप हलका केला होता आणि बोट चरबीकडे दाखवले होते. पैसे कुणी दिले त्याचा उल्लेख नव्हता. तशी सक्तीही त्या काळी नव्हती. जुनी पत्रे धुंडाळून कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी ही हकिकत २०१६ साली उजेडात आणली.

एवढ्यावरून सगळा दोष साखरेचा आणि चरबी निर्दोष, असे कुणी म्हणेल तर तेही बरोबर नाही. लोणी, तूप, वनस्पती, पामतेल यांतली घट्ट होणारी चरबी बेताने खावी, हे आजचेही वैद्यकशास्त्र सांगते, आणि ज्याला स्टेंट बसला आहे त्याने ते ऐकलेच पाहिजे. सांगायचे इतकेच की सल्ला 'चरबी कमी करा' असा होता आणि दुकानात पोचेपर्यंत त्याचे 'फॅट-फ्री पाकीट घ्या' असे झाले. १९७७ साली अमेरिकेच्या सिनेटच्या समितीने लोकांना चरबी कमी करायला सांगितले. त्याच समितीने साखर कमी करायलाही सांगितले होते, धान्ये, फळे, भाज्या वाढवायलाही सांगितले होते. पण भाजीपाल्याची जाहिरात कोण करणार? १९९२ साली नाबिस्को कंपनीने 'स्नॅकवेल्स' नावाची बिस्किटे आणली, बिनफॅटची. ती दुकानात टिकत नव्हती इतकी खपली. फॅट नाही म्हणून लोक एकाच्या जागी अर्धा पुडा खाऊ लागले. तिथल्या सरकारी पाहणीत १९७१-७४ च्या सुमारास लठ्ठ माणसांचे प्रमाण शेकडा साडेचौदा होते, ते १९९९-२००० मध्ये शेकडा ३१ च्या घरात गेले. त्याच काळात आहारातल्या चरबीचा टक्का उलट थोडा खाली आला होता. याला कारणे पुष्कळ आहेत, एकट्या बिस्किटावर घालू नये. पण चरबीचा टक्का उतरला म्हणून माणूस उतरला नाही, एवढे खरे.

आम्हाला यात आपलीच जुनी चूक दिसते. एके काळी आपण पिकाला नुसता युरिया ओतत होतो. ऊस हिरवागार दिसे, पण लोळे, कीड पडे आणि उतारा येत नसे. एकच अन्नद्रव्य धरून शेती होत नाही हे शिकायला आपल्याला वीस वर्षे लागली. खाण्याचेही तसेच.

आणखी एक प्रयोग मोलाचा आहे. तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल या संशोधकाने २० माणसांना चार आठवडे दवाखान्यात ठेवून घेतले. दोन आठवडे कारखान्यातले तयार अन्न, दोन आठवडे साधे घरगुती पद्धतीचे अन्न. समोर ठेवलेल्या दोन्ही जेवणांत साखर, चरबी, मीठ, चोथा सारख्या मापाचे, खायचे मात्र पोटाला लागेल तेवढे. तयार अन्नावर माणसे रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. दोन आठवड्यांत सरासरी ९०० ग्रॅम वजन वाढले, आणि साध्या अन्नावर तितकेच उतरले. तयार अन्न मऊ, गिळायला सोपे, भराभर खाल्ले जाते आणि पोट भरल्याचे उशिरा कळते. भाकरी चावायला लागते, बिस्किट चहात विरघळते. काकींना आम्ही हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हंजे दाताला काम पायजे म्हणा की." त्यांनी एका वाक्यात सांगितले.

आता आपल्या घरचे बघू. फॅट कमी असलेले अन्न पाहिजे ना, तर ते मॉलमध्ये शोधायला नको. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे जुने तक्ते आमच्याकडे आहेत, त्यातले आकडे देतो, सगळे १०० ग्रॅमचे. हुलगा: फॅट अर्धा ग्रॅम, प्रथिने २२ ग्रॅम. म्हणजे जवळजवळ 'फॅट-फ्री'च्या मापातला, आणि तो देवाने तसाच केला आहे, त्यातून काही काढले नाही आणि त्यात काही भरले नाही. मटकी: फॅट एक ग्रॅमच्या आसपास, प्रथिने साडेतेवीस. मूग सव्वा ग्रॅम. तूरडाळ पावणेदोन. ज्वारी १.९. गहू दीड. पालेभाज्या सगळ्या नगण्य. हे सर्व 'लो फॅट'च्या सरकारी मापात आपोआप बसते. शेंगदाण्यात ४० ग्रॅम फॅट असते, पण ती बहुतेक मऊ जातीची, न गोठणारी, आणि बरोबर २५ ग्रॅम प्रथिने. जेवताना चमचाभर शेंगाची चटणी आणि ओंजळभर तळलेले शेंगदाणे यांत फरक करा म्हणजे झाले.

हुलग्याचे माडगे, शेंगोळे, मटकीची उसळ, ज्वारीच्या लाह्या, आंबील, तांदुळजा, पाथरी, शेवग्याचा पाला. ही यादी वाचून तरुण सभासद हसतील, हे गरिबीतले खाणे म्हणून. होय, गरिबीतलेच होते. आपल्या बापजाद्यांनी दुष्काळी कामावर हेच खाल्ले. पाटाचे पाणी आले, ऊस आला, आणि हुलगा-मटकीचे वावर गेले. त्यात आमच्या शेतकी खात्याचाही हात आहे, हे कबूल करतो. एक सावधगिरी मात्र सांगतो. फडातली तांदुळज्याची भाजी तणनाशक मारलेल्या सरीतली आणू नका. परसात वाफा करून लावा.

दुसऱ्या बाजूचेही बोलले पाहिजे. फॅट कमी म्हणजे सगळे चांगले असेही नाही. साबुदाण्यात फॅट नाही म्हणावे इतकीच, पण तो निव्वळ पिठूळ, प्रथिने नाहीत. उपासाला बशीभर खिचडी खाऊन वर पित्त झाले म्हणणारे आम्ही रोज बघतो. पांढरा भात, पोहे यांतही फॅट कमीच, पण मधुमेहवाल्याने ताट भरून खाऊ नये. आणि गूळ! गूळ खाल्ला तर चालतो असे पुष्कळांना वाटते. गूळही उसाचाच, उष्मांक साखरेच्या जवळपास तेवढेच. रक्ताला रंग दिसत नाही. तसेच फोडणी अजिबात सोडू नये. गाजर, मेथी, पालक यांतले अ जीवनसत्त्व होणारे द्रव्य अंगी लागायला थोडे तेल लागते. बिनफोडणीची मेथी चवीलाही जाते आणि गुणालाही. चमचाभर तेलाने माणूस मरत नाही, खारी आणि बटर रोज चहात बुडवून खाल्ल्याने मात्र हळूहळू मरतो.

ताकाबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण तिथे आमच्याशी वाद घालता येईल. कुणी म्हणेल, साहेब, तुम्ही फॅट काढलेल्या मालाला नावे ठेवता, आणि ताक म्हणजे तरी काय? बरोबर आहे. दही घुसळून लोणी काढले की खाली राहते ते ताक, म्हणजे फॅट काढलेलाच माल. पण लोणी काढल्यावर आजीने ताकात काय घातले? पाणी, मीठ, फार तर जिरे आणि कोथिंबीर. साखर घातली नाही, मैदा घातला नाही. आम्ही जी पारख सांगतो ती हीच. काढले त्याच्या जागी काय भरले ते बघावे. त्या पारखीने डेअरीचे टोन्ड दूधही चांगले ठरते. त्यात फॅट ३ टक्के, डबल टोन्डमध्ये दीड टक्का, आणि साखर बाहेरची काही नाही. हे टोन्ड दूध मूळचे आपल्या मुंबईचे. १९४६ साली दारा खुरोडी यांनी म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि बिनसायीच्या दुधाची भुकटी मिसळून ते तयार केले, म्हणजे तेवढ्याच दुधात जास्त पोरांना पेला मिळावा. आरे कॉलनीचे काम त्यांचेच. घरी म्हशीचे दूध असेल तर तापवून गार करून साय काढा, आणि दुसऱ्यांदा तापवून पुन्हा काढा. साय मुलांच्या आणि पोटुशा सुनेच्या वाट्याला द्या. कारखाना काढायला नको.

पण दूध घरात राहिले तर ना! इथे खरे दुखणे आहे. म्हशी दारात तीन, आणि घरात ताक नाही. दोन्ही वेळचे दूध डेअरीत जाते, चहापुरते मागे ठेवतात. दहा दिवसांचे बिल आले की त्यातून बिस्किटाचे पुडे, फळाचे दही, बाटल्या घेतात. फळाच्या दह्याचे चार छोटे डबे घेतले तेवढ्या पैशात किलोभर मटकी येते. आपण फॅट विकतो आणि साखर विकत आणतो. तीही बहुधा आपलीच, कारण आपल्या देशात साखरेचा मोठा भाग बिस्किटे, शीतपेये, मिठाई करणारे कारखानेच उचलतात. दिवाळीला सवलतीची सभासद साखर नेताना आपण मोजून नेतो, ही पाकिटातून येणारी मात्र कुणी मोजत नाही.

आमचेही सांगतो, म्हणजे फक्त दुसऱ्याला शिकवतो असे नको. गेल्या वर्षी आमचे रक्त तपासले तर ट्रायग्लिसराइड नावाची चरबी दुप्पट निघाली. आम्ही म्हणालो, आम्ही तर तेलकट खात नाही. डॉक्टर म्हणाले, चहा किती पिता? हिशेब केला. गटात फिरताना दिवसाला आठ कप, नाही म्हटले तर यजमानाला राग येतो. आपल्याकडच्या चहाला कपाला दोन चमचे साखर म्हणजे १० ग्रॅम. रोजची ८० ग्रॅम. वर्षात ३०० दिवस फिरलो तर २४ किलो, म्हणजे अर्धे पोते नुसत्या चहातून. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, बाहेरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकांच्या दहाव्या हिश्श्याखाली ठेवा, आणि शक्य तर विसाव्या, म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. साखर जास्त झाली की यकृत तिचीच चरबी करते, हे आम्हाला वयाच्या ४६ व्या वर्षी कळले. तेव्हापासून आम्ही कुठेही गेलो की ताक मागतो. तुमच्याकडे आलो तर रागावू नका, आणि ताक नसेल तर तेही सांगा, आम्हाला नोंद करायची आहे.

हे वाचून कुणी म्हणेल, कारखान्याचा नोकर साखर खाऊ नका सांगतो. साखर खाऊ नका असे आम्ही म्हटलेले नाही. सणाची पुरणपोळी साखर-गुळाचीच व्हावी, तुपासकट. आपला ऊस आता इथेनॉललाही जातो, आपल्या सभासदाची नाडी चालू राहिली तर कारखान्याची चालेल. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीत देशात मधुमेहाचे १० कोटी १० लाख लोक आढळले. ते सगळे शहरातले नाहीत. आमच्याच नोंदवहीत पाच वर्षांत पायाच्या जखमेने अंथरूण धरलेले तीन सभासद आहेत, आणि तिघांच्या वारसनोंदी आम्हीच केल्या.

अण्णांचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. काकींनी पाकिटे म्हशीला घालायला काढली होती, आम्ही म्हटले, म्हशीलाही देऊ नका. डॉक्टरांना सगळे सांगून, त्यांना विचारून खाणे बदलले. सकाळी ज्वारीची भाकरी आणि मुगाची किंवा मटकीची उसळ, दुपारी ताक आणि पालेभाजी, चटणी चमचाभर, संध्याकाळी लाह्या नाहीतर फुटाणे, आठवड्यातून दोनदा अंडी, एकदा नदीतला मासा रश्श्याचा, तळलेला नाही. एका म्हशीचे संध्याकाळचे दूध घरात ठेवायचे, त्यावर पोराशी दोन दिवस भांडण झाले. सहा महिन्यांनी सरासरी साखर ६.४ वर आली, वजन तीन किलो उतरले. गोळ्या चालू आहेत आणि राहतील. एकदम बरे वाटले असे अण्णा म्हणत नाहीत. गुडघे दुखतात ते दुखतातच. पण परवा भेटले तेव्हा फडात उभे होते, आणि आमच्याच हातातला ब्रिक्स मीटर मागून घेऊन नातवाच्या बाटलीतल्या पेयावर लावून बघितला. नातू वैतागला.

आता कामाचे. पूर्वहंगामी लागण ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते, त्यात सरीच्या बगलेला हरभरा किंवा घेवडा चांगला येतो. आडसालीत जुलै-ऑगस्टला मूग, चवळी, भुईमूग. सुरूत जानेवारी-फेब्रुवारीला मेथी, कोथिंबीर, मूग. बाजारासाठी नको, घरापुरते दोन-चार गुंठे पुरे. डाळवर्गी आंतरपिकाने जमिनीलाही नत्र मिळते, हे तुम्हाला दरवर्षी सांगतोच. उसाच्या डोळ्यावर सावली पडणार नाही इतके अंतर ठेवा आणि आंतरपीक वेळेवर काढा. हुलगा आणि मटकी हलक्या माळाच्या तुकड्यावर टाकावी, तिला पाटाच्या पाण्याची गरज नाही. ज्या सभासदांकडे गावठी हुलग्याचे बी शिल्लक असेल त्यांनी शेतकी मदतनीसांकडे नाव द्यावे, ज्यांना पाहिजे त्यांनीही द्यावे, अदलाबदल करून देऊ.

पुढच्या गटसभेला येताना घरात जे 'फॅट-फ्री', 'लो फॅट', 'डाएट' लिहिलेले पाकीट असेल त्याचे रिकामे वेष्टण खिशात घालून आणावे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते, पहिल्या तीन नावांत काय आहे ते आपण सर्वांसमोर वाचू. महिला सभासदांनी अवश्य यावे. सभेनंतर चहाऐवजी ताक आहे.